कापसाच्या ढिगातला सेन्सर

१४ डिसेंबर
सुनंदाचा कापूस अखेर समोरच्या खोलीत. भाव पडलेत, म्हणून थांबायचं, हे तिनंच ठरवलं. वावर तिच्या माहेराकडून तिच्या नावावर आलेलं, पीकही तिनंच राबून काढलेलं. आपण मध्ये बोलू नये. टीव्ही, खुर्च्या मागच्या खोलीत. नेरचं रिपेअरिंगचं दुकान बंद करून बोरीला घरी पोचतो तोच दारात कापसाची खाज सुरू. शेवटचा वेचा दवात झाला, ओलसर वाटतो. ढीग आतून तापला तर कापूस पिवळा पडेल, मग व्यापारी हात लावणार नाही.

१६ डिसें.
सेन्सर बसवला. बांबूच्या नळीतून थेट ढिगाच्या पोटात. ३५ अंशांच्या वर गेलं की ढिगात खुपसलेल्या पाइपच्या तोंडाशी लावलेला पंखा आपोआप सुरू, आकडा मोबाइलवर, फारच वाढला तर भोंगा. रिपेअरिंगवाल्याच्या घरी एवढं तर पाहिजेच. सु. रोज सकाळी ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघते. म्हटलं, आता ते बंद कर, हाताला किती पुरळ आलंय. "बरं. तुमी म्हणता त." स्वतःवर भलताच खूश.

१९ डिसें.
फजिती. सु.ची बहीण चहाला आलेली. लाइट गेली, आली, आणि भोंगा! मोबाइलवर ८५ अंश. बादली भरून धावलो. सु. ओरडली, "पानी टाकता का कापसावर!" ढीग गार. बहीण अजून हसत असेल. कारण सापडलं: लाइट आल्याबरोबर हा सेन्सर कधीकधी पहिला आकडा ८५ देतो. यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये नियम लिहिला, ८५ आला की सोडून द्यायचा.

२३ डिसें.
आज उणे १२७. बोरीत एवढी थंडी पडली असती तर पेपरात आलं असतं. तार सैल झालेली, घट्ट केली. शिवाय नवा नियम: असा वेडा आकडा आला की शेवटचा खरा आकडा धरून चालायचं. भोंगा गप्प. सु.नं भरीत केलं, कळण्याची भाकर. दोन जास्तच खाल्ल्या.

२८ डिसें.
३१.४. ढीग शहाणा झालाय. दुकानात गिऱ्हाइकांना मोबाइल दाखवत बसलो.

३० डिसें.
सु. भाकर थापता थापता म्हणाली, "तुमचं यंत्र तीन दिवसापासून ३१.४ च सांगून राह्यलं. सकाळी गारठा, दुपारी ऊन. याले काहीच कसं होत नाही?"
म्हटलं, चांगलंच आहे की.
तिनं हात धुतले, पदर खोचला, सरळ ढिगात हात.
"इकडं या. घाला हात."
घातला. आत चांगलंच गरम.
उंदरानं तार कुरतडली होती. येत होतं उणे १२७, आणि माझा नियम ते गिळून जुनाच आकडा दाखवत होता. तीन दिवस. पंखा बंद.
सगळा कापूस गच्चीवर पसरला, दोघांनीच. मधला दोन टोपले पिवळसर. ती निवडत बसली. "म्या हात घालणं बंद केलं कायले," एवढंच. मला चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. फार लाज वाटली.

२ जाने.
नियम पुन्हा लिहिला. आकडा वेडा आला, अर्ध्या तासाहून जुना झाला किंवा आलाच नाही, तर मोबाइलवर "माहीत नाही". पंखा सुरू ठेवायचा. आणि सु.च्या फोनवर निरोप: हात घालून बघ. तार लोखंडी नळीतून घेतली.

५ जाने.
कापूस वाळून परत खोलीत. व्यापारी सोमवारी येतो म्हणाला. पिवळा बघून काय म्हणेल कोण जाणे. सु. निवांत आहे, म्हणून मीही.
दुपारी दुकानात होतो, "माहीत नाही" आलं. दहा मिनिटांत सु.चं उत्तर: गार आहे. उगाच पेढे वाटावेसे वाटले.
संध्याकाळी चहा घेताना म्हणाली, "म्या उत्तरच नाही देल्लं त काय धरते तुमचं यंत्र?"
हे सुचलंच नव्हतं.
"गार हाये असं धरू नका म्हणजे झालं."
कप ठेवला, लगेच वही काढली. नियम: सु.चं उत्तर आलं नाही, तर शटर ओढायचं आणि मिळेल त्या गाडीनं घरी.