सोयाबीनच्या मुळाच्या गाठी

आप्पा, माझ्या सोयाबीनच्या सहा ओळी तुम्ही मुळासकट उपटल्यात आणि वर तण भांगलायला आलेल्या बायकांसमोर मला म्हणालात, "कारखान्यातली घाण माझ्या रानात आणू नकोस." तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी ते मला पटलेलं नाही. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. मी भांडणार. तुम्ही होता तेव्हा बोलू कुठं दिलंत?

ती घाण नव्हती. महापेच्या कारखान्यात मी ज्या काळ्या पावडरीची पाकिटं भरते, तिच्यात जिवाणू असतात, जिवंत. हवेतला नत्र ओढून सोयाबीनच्या मुळाला देतात. चौथी शिकलेल्या बाईला हे कळतं, तर जन्मभर शेती केलेल्या माणसाला का कळू नये? त्या साली पेरणीला माहेरी आले तेव्हा दोन पाकिटं आणली होती. बियाण्याला काजळ लावतेस का, म्हणून तुम्ही हसलात, पण बांधाकडच्या सहा ओळी दिल्यात. मी गुळाच्या पाण्यात पावडर कालवते, बियाण्याला हलक्या हातानं लावते, कारण सोयाबीनची साल पातळ, जोरात चोळलं की निघून येते. मग गोणपाटावर सावलीत पसरते. तुम्ही येता-जाता गोणपाट उन्हात ओढता, मी परत सावलीत आणते. उन्हानं जिवाणू मरतात हे तीनदा सांगितलं. तुमचं एकच, बियाणं उन्हातच वाळवतात.

नागपंचमीला माहेरी आले तर भांगलण चालू होती. तुम्ही माझ्या ओळीतलं एक रोप उपटून बघितलंत, मुळाला ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. आदल्या साली वांग्याच्या मुळाला गाठी येऊन सगळं वांगं गेलं होतं, तेच तुमच्या डोक्यात. रोग रानभर पसरंल म्हणून संध्याकाळपर्यंत सहाही ओळी बांधावर.

त्यातलं एक रोप मी ओल्या फडक्यात गुंडाळून महापेला नेलं. लॅबमधल्या मॅडमनी नखानं गाठ फोडली. आत लालसर. "मावशी, हा रोग नाय," त्या म्हणाल्या, "ह्या गाठींसाठीच तर आपण पाकिटं भरतो. आत लाल म्हणजे काम जोरात चालू." मी तुम्हाला लगेच फोन लावला. झालं ते झालं, म्हणालात आणि फोन आईकडं दिलात.

आता रान आईच्या नावावर आहे. ह्या साली मी म्हणते, सगळ्या दोन एकराला जिवाणू लावू, युरिया कमी टाकू. भाऊ म्हणतो, आप्पांनी नको म्हटलेलं. आई म्हणते, "मग त्यांनाच विचार." चेष्टेनं नाही म्हणत. तुमचा शब्द मोडायला ती तयार नाही. पाकिटं इथं कोपरखैरण्यात माझ्या पलंगाखाली थंडाव्याला पडून आहेत, त्यांनाही मुदत असते.

एक अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी गाठी बघून मीपण घाबरले होते. शेवटच्या दोन ओळी तुम्ही नाही उपटल्या, मी उपटल्या. तुम्ही थकून बांधावर बसला होता.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं मला ठाऊक नाही, टाकणारही नाही. पण सोमवारी सकाळी पेरणी आहे. रविवारी दिवे लागायच्या आत उत्तर द्या, पाकिटं घेऊन मला रात्रीची गाडी धरायची आहे. नाही म्हणायचं असंल तर आईच्या स्वप्नात जाऊन म्हणा, माझ्याकडं येऊ नका, मी ऐकणार नाही. आणि काहीच बोलला नाहीत तर मी हो धरणार. तुम्ही तोंडानं हो कधी म्हणालात? गप्प बसलात की आम्ही समजायचो.