पेटीत ठेवलेली तलवार

प्रिय खारुताई,

पत्र बघून घाबरू नकोस. कुणी आजारी नाही, कुणी पडलं-झडलं नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही. समोरचा मध्ये बोलला की मी चिडते, आणि चिडले की काय होतं ते तुला ठाऊक आहे. कागद मध्ये बोलत नाही. माझी शाळा सातवीपर्यंतची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस, मुद्दा बघ. सोमवारी तुझी मीटिंग आहे. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. शेजारचा ड्रायव्हर उद्या तुझ्याकडच्या फेरीला निघतोय, त्याच्याकडे देतेय. त्याला चहा पाज, नुसता दारातून परत पाठवू नकोस.

मंगळवारी तू फोनवर जे सांगितलंस ते मला कळलं ते असं. तुझे साहेब म्हणतात, तुझ्या खेळात तलवार चालते तेवढाच खेळ, तेवढंच ते गेमप्ले का काय. गावातून हिंडणं, माणसांशी बोलणं, काय बोलायचं ते निवडणं, पिशवीत काय ठेवायचं नि काय टाकायचं, नदीकाठी बसणं, हे सगळं भरताड. ते काढा आणि लढाया वाढवा. आणि पुरावा म्हणून दाखवलं माझंच खेळणं. कधी असला खेळ न खेळलेलं माणूस हवं म्हणून तू मला तो लॅपटॉप दिलास, आणि त्या मेल्याने माझी अकरा तासांची चहाडी तुमच्या ऑफिसात पोचवली. लढाया शून्य. साहेब म्हणाले, या बाई खेळल्याच नाहीत, आणि सगळे हसले. तू मला विचारलंस, आत्या, तुला काय वाटतं. मी म्हटलं, ते शिकलेले आहेत, काढ म्हणतात तर टाक काढून. तू ‘बरं’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. ते ‘बरं’ मला मुळीच आवडलं नाही. तुझा बाप असंच ‘बरं’ म्हणतो, आणि मग चार-चार वर्षं बोलत नाही.

तर आता ऐक, मी खेळले की नाही. सुरुवातीलाच तू मला एक खोली दिलीस, त्यात एक पेटी आणि भिंतीवर तलवार. बाकीच्यांनी काय केलं असेल ते उघड आहे, तलवार उचलली आणि सुटले. मी ती घेतली, पाहिली आणि पेटीत ठेवून झाकण लावलं. आमच्या कारखान्यात पहिला नियम काय होता? उघडी कात्री घेऊन कुणी टेबल सोडायचं नाही. चाळीस वर्षं कटिंग केलं, हाताला सवय लागलीय. धार कामापुरती बाहेर, काम संपलं की आत. समोर काम दिसेना, म्हणून ठेवली. तुला आठवत असेल, तू एवढीशी होतीस तेव्हा माझ्या टेबलाखाली बसायचीस आणि फ्रॉकच्या खिशात खडूचे तुकडे, तुटकी बटणं, रिकाम्या बॉबिनी भरायचीस. खारुताई नाव त्यावरूनच पडलं. खेळातली ती पिशवी पाहिली, अमुक वजनाच्या वर काही मावणार नाही असं तिने मला बजावलं, तेव्हाच मी ओळखलं की ही पिशवी म्हणजे तुझा खिसा.

मग मी निघाले तशीच. विहिरीवरच्या म्हातारीचा दोर गुंडाळून दिला तर तिने सुई-दोरा दिला. एक चमचा मी उगाच उचलला, सांगून ठेवते. खिंडीत तो दांडगा पहारेकरी आडवा आला. आता मेले, म्हटलं, तलवार तर घरी. त्याने पिशवी उघडायला लावली. सुई दिसल्यावर गडी एकदम वरमला आणि फाटकी बाही पुढे केली. टाका कुठून घालायचा तेसुद्धा तू मला विचारलंस. शिवणीतून घातला तर बाही धरते, कापडातून घातला तर पुन्हा फाटते. मी शिवणीतून घातला, त्याने वाट सोडली. पोरी, तुझ्या ऑफिसातल्या एकालाही हे सापडलं नाही म्हणतेस, कारण सगळे तलवार घेऊन गेले आणि त्याच्याशी लढत बसले. कुणी सुई घेऊन येईल म्हणून तू एका दांडग्याची बाही फाडून ठेवलीस. मी तुझ्या डोक्याची दृष्ट काढायला हवी होती. ते सोडून मी ‘काढून टाक’ म्हणाले.

साहेबांना माझ्याकडून एक सांग. आमचे मालकही म्हणायचे, कात्री चालते तेवढं काम. कापड अंथरायचं, चार वेळा हात फिरवून सुरकुती काढायची, आडवा-उभा धागा बघायचा, ते त्यांच्या हिशेबी टंगळमंगळ. एकदा त्यांच्या घाईपायी मी न बघता साठ थर अंथरले आणि कापले. कात्री लोण्यातून जावी तशी गेली. साठच्या साठ तुकडे तिरके. काम आधीच होऊन गेलेलं असतं, कात्री फक्त ते जाहीर करते. खिंडीत मी काय करणार ते विहिरीवरच ठरलं होतं. मग विहिरीला खेळ नाही म्हणून कसं चालेल?

आता नावाड्याचं. हे लिहायचं टाळत होते. नदीवर आले तर नावाडी पाठमोरा बसलेला. मला तीन वाक्यं दिलीस. एकात त्याची विचारपूस होती, एकात नुसतं बसायचं होतं, आणि एक होतं, ‘मला घाई आहे, तुझं काम तेवढं कर.’ मी कुठलं दाबलं असेल ते तुला खेळ करतानाच माहीत असणार. तो उठला, नाव बांधली आणि गप्प झाला. मी मागचं पुसून पुन्हा खेळायला गेले. बाकी सगळीकडे ती सोय होती, इथे तू ठेवली नव्हतीस. दुसऱ्या दिवशी गेले, तर तीनातलं एकच वाक्य उरलेलं, बसून राहा. बसले. पाणी वाहतंय, काही होत नाही. चहा करून आले, तरी बसलेलीच. तुझ्या नावाने बोटं मोडली. तिसऱ्या दिवशी त्याने रिकाम्या बोटाने नावेच्या काठावर दोनदा टकटक केलं आणि मग तोंड उघडलं. मी लॅपटॉप मिटला. तो काय बोलला ते वाचलंच नाही.

त्या टकटकीत काय होतं ते मी तुला सांगायला नको. तुझा बाप सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तानाचं टोपण घालून शिवायचा आणि काही बोलायच्या आधी मशीनच्या पाटावर दोनदा वाजवायचा. मी कापायचं, त्याने शिवायचं, तीस वर्षं. मग त्याची नजर अधू झाली, त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि शाळेच्या गणवेशाच्या डाव्या बाह्या उजवीकडे लावल्या. मी सगळ्या कारखान्यादेखत म्हणाले, शिवणं म्हणजे मी कापलेलं जोडायचं, तेवढंही जमेना तुला. तो ‘बरं’ म्हणाला, अंगुस्तान काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेला, त्याला चार वर्षं झाली. म्हणजे बघ, तुझ्या साहेबांच्या आधी मीच ठरवून टाकलं होतं की माझं तेवढं काम आणि त्याचं भरताड. त्याने बाह्या चुकवल्या त्या नजरेपायी, माझी नजर तर चांगली होती.

खरं सांगते, मंगळवारी मी काढून टाक म्हणाले ते शिकलेल्यांच्या धाकाने नाही. तो नावाडी मला नको होता. पण फोन ठेवल्यावर तुझं ‘बरं’ कानातून जाईना. बुधवारी अंगुस्तान पदराला बांधलं आणि तुझ्या आईबापाच्या घरी गेले. तुझ्या आईने दार उघडलं, काही विचारलं नाही, शहाणी आहे. तो खिडकीपाशी पाठमोरा. मी खुर्ची घेतली आणि बसले. बोलायला लाख गोष्टी जिभेवर आल्या, सगळ्या गिळल्या. माझ्यासारखीला तोंड मिटून एक तास म्हणजे काय ते तू समज. गुरुवारी तेच. तुझ्या आईने मध्ये एकदा खोकून पाहिलं. आज शुक्रवार. आज त्याने खिडकीच्या कठड्यावर दोनदा बोट वाजवलं आणि न वळता म्हणाला, “कात्री घरी ठेवून आलीस वाटतं.” मी म्हटलं, “पेटीत ठेवलीय.” मग वळला. म्हातारा झालाय गं. मी अंगुस्तान पुढे केलं, त्याने घातलं, जरा ढिलं होतंय. ‘चुकलं’ हा शब्द मी म्हणाले, तुझी आई साक्षीला आहे.

तेव्हा सोमवारी हे पत्र ने आणि साहेबांना वाचून दाखव, लाजू नकोस, हसतील तर हसू देत. त्यांना म्हण, या बाई तीन दिवस खुर्चीत बसल्या, एक बोटसुद्धा हलवलं नाही, आणि एवढा अवघड खेळ त्या जन्मात खेळल्या नव्हत्या. साहेबांना टोचणारं सोपं वाक्य तुलाही सापडेल, पण ते दाबताना जरा थांब, मी थांबले नव्हते. मंगळवारी दिलेला माझा शब्द मी मागे घेतेय. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा घेतेय, तेव्हा जपून ठेव त्या पिशवीत, फार जड नाही. नावाड्याला काढू नकोस. मी पुढचं अजून वाचलेलं नाही, आणि आता तुझा बाप म्हणतोय की तो शेजारी बसून वाचणार.

तुझीच, चमचा परत करणार नसलेली,
आत्या