कन्यादानाचा पाट आणि आंबिवलीची सुई

नौपाडा, ठाणे
ता. ८ डिसेंबर १९५७

तीर्थस्वरूप भाऊसाहेब यांस,

विष्णूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द गेली तीन वर्षं मी नुसता लिहीत होतो; आता अंग निम्मं तरी वाकतं.) इकडे सर्व खुशाल. आपली बहीण सुमती मजेत आहे आणि चित्रा लग्न ठरल्यापासून आरशापुढून हलत नाही. नाशिकच्या थंडीत आपला दमा कसा आहे ते कळवावं. डॉक्टर माणूस स्वतःचं दुखणं कुणाला सांगत नाही, हे मला नुकतंच कळलं आहे. कसं, ते पुढे येईलच.

आपण मागच्या पत्रात लिहिलंत की, माझी कंबर ही अशी, पाटावर दोन तास बसणं काही मला झेपायचं नाही, तेव्हा चित्राचं कन्यादान आपण आणि वहिनींनी करावं. हेतू मायेचा आहे हे मी जाणतो. पण भाऊसाहेब, मला ते फार लागलं. एकुलती एक मुलगी, आणि तिच्या बापानं कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सुपारी चघळायची? कलेक्टर कचेरीत सत्तावीस वर्षं खुर्ची झिजवली ती काय लग्नातही खुर्चीच मिळावी म्हणून? त्याच दिवशी ठरवलं, काय वाटेल ते करीन पण पाटावर बसेन.

शेक, लेप आणि आपण पाठवलेला चामडी पट्टा (तो बांधला की श्वास बंद होतो, एवढाच त्याचा गुण) हे सगळं झालंच होतं. मग आंबिवलीच्या डॉक्टर उत्तम पाटलांचं नाव कानावर आलं. मिठागरवाल्यांच्या घरातला शिकलेला पोरगा. कुठल्याशा अमेरिकन मासिकात वाचून ग्लुकोजचं दाट पाणी कंबरेच्या हाडांना धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांत टोचतो. पट्टे चिडतात, सुजतात आणि मग म्हणे घट्ट होतात. आपण हसाल. आमचे होणारे व्याही, कल्याणचे डॉक्टर परशुराम टिपणीस, नुसते हसले नाहीत. तिथल्या डॉक्टर मंडळाचे अध्यक्ष या नात्यानं भर सभेत म्हणाले की, असली सुई घेणाऱ्याचा बिघाड कंबरेत नसून डोक्यात असतो. आता मुलीच्या बापाचं डोकं बिघडलेलं आहे हे व्याह्यांना कळलं तर लग्नाचं काय व्हायचं? म्हणून मी सुमतीलासुद्धा न सांगता, खडवलीला कचेरीच्या कामाला जातो असं सांगून, आंबिवलीला उतरलो.

दारात कंपाउंडर राघो वही घेऊन बसलेला. नाव काय, म्हणाला. खरं नाव सांगायची सोय नव्हती आणि खोटं नाव आधी योजून न्यावं इतकी अक्कल नव्हती. आदल्याच दिवशी लग्नाची यादी झाली होती, वधूपक्ष, वरपक्ष, सगळी नावं डोक्यात घोळत होती. तोंडातून निघून गेलं, ‘परशुराम टिपणीस’.

पहिल्या सुईनं देव आठवले, दुसरीनं पूर्वज. चौथ्या सुईनंतर मात्र मी वाकून स्वतःची चप्पल स्वतः घातली आणि, खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. पण तोवर पाटलांनी (त्यांनी टिपणिसांना कधी पाहिलेलं नव्हतं, नाव मात्र ऐकून होते) मोठ्या अभिमानानं चार जणांना सांगितलं होतं की, खुद्द अध्यक्षच माझ्याकडे गुपचूप येतात! ते कल्याणपर्यंत पोचलं. गेल्या महिन्यात टिपणीस मुहूर्ताचं बोलायला आमच्याकडे आले ते लालबुंद होऊन. कुणी भामटा माझ्या नावानं सुया टोचून घेत हिंडतो, सापडला तर सोडणार नाही, म्हणाले. मी त्यांना आणखी एक लाडू वाढला.

तरी मी सहाव्या सुईला गेलो. काय करणार, पाट डोळ्यांपुढून हलत नव्हता. बाकावर मफलर नाकापर्यंत ओढून बसलो. शेजारी आणखी एक गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसलेले, आणि ते उलटं धरलेलं. पलीकडे डॉक्टरांची आत्या आवडाबाई, मिठागरात जन्मभर वाकून आता ताठ झालेली. राघोनं पुकारा केला, ‘विष्णू दामोदर चौबळ!’

माझं नाव! माझं खरं नाव! पण मी तिथं टिपणीस असल्यामुळे उठता येईना. शेजारचं वर्तमानपत्रही हलेना. आवडाबाईनं त्या गृहस्थांना कोपरानं ढोसलं. “अरं बाबा, नाव पुकारलाय तुजा, उठ नं! दुखण्याची कसली रं लाज?”

वर्तमानपत्र खाली आलं. डॉक्टर टिपणीस! राघोला वाटलं पहिला रोगी बहिरा असावा, म्हणून त्यानं पुढचं नाव घेतलं, ‘परशुराम टिपणीस!’ आणि आम्ही दोघे व्याही एकमेकांच्या नावाला सावकाश, गुडघे आणि कंबरा धरून, उभे राहिलो.

“अहो चौबळ,” शेवटी ते म्हणाले, “मी पाहणी करायला आलोय.” राघोनं माझ्या नावाचं कार्ड त्यांच्या हाती दिलं. उजवा गुडघा, सुई अकरावी. पाहणी बरीच खोलवर चालली होती. यादी त्यांच्याही खिशात होती, हे त्यांनी आवडाबाईचा चहा घेताना कबूल केलं. नंतर इतके हसलो की पाटील सुई घेऊन बाहेर आले. आता टिपणीस म्हणतात की या उपचारात शास्त्रीय तथ्य असण्याची शक्यता नाकारता येत नाही. भाऊसाहेब, मोठ्या डॉक्टरांनी एखादी गोष्ट मान्य करायची तर आधी त्यांचंच काहीतरी दुखावं लागतं, असं माझं मत झालं आहे.

तेव्हा कन्यादान मीच करणार. राग नसावा. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
विष्णू

ता. क. पुढच्या रविवारी मंडळात हा विषय निघतोय. अध्यक्षांना स्वतः काही म्हणता येत नाही (डोक्याच्या बिघाडाचं ते वाक्य सभेच्या इतिवृत्तात आहे). आपल्यासारख्या बाहेरगावच्या, पदवीवाल्या डॉक्टरनं ‘प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही’ एवढं एक पत्र लिहिलं तर व्याही जन्माचे ऋणी राहतील. पत्रात गुडघ्याचा उल्लेख नको.

ता. क. दुसरा. काल घरी तालीम केली. पाटावर घड्याळ लावून सव्वादोन तास बसलो, हूं की चूं नाही. उठता मात्र आलं नाही. सुमती आणि चित्रानं दोन्हीकडून ओढलं तेव्हा पाटासकट उठलो. लग्नात नवरी मुलगी बापाला ओढताना बरी दिसणार नाही. म्हणून आपण चार दिवस आधी या, आणि मुहूर्ताला माझ्या अगदी मागे उभे राहा. मुलीचा हात मी देईन. त्यानंतर मला तुमचा लागेल.