चौथ्या दिवसाचे पैसे

प्रिय ठमे,

माझं पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो, पण त्याचं मी फारसं मनावर घेत नाही. आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत नवं यंत्र आलंय. चादर एकीकडून घातली की दुसरीकडून इस्त्री आणि घडी होऊन बाहेर. पहिल्या दिवशी आम्ही चौघी नुसत्या बघत उभ्या. मुकादमीण म्हणाली, आता तुम्ही बायका काय करणार? मी म्हटलं, उशांचे अभ्रे. त्यांना अजून यंत्र निघालेलं नाही.

मागे तू विचारलं होतंस, आई, तुझा पगार तो केवढा आणि त्यातून तू शिल्लक टाकतेस तरी कशी? तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आज नीट सांगते. मी काही जन्माची चिक्कू नव्हे. माझी आई तर म्हणायची, हिच्या हाताला भोक आहे, पैसा ठेवला की खाली.

सुरुवात चहापासून झाली. कँटीनचा चहा दिवसातून दोनदा व्हायचा. मी घरून थर्मास न्यायला लागले आणि त्या दोन चहांचे पैसे रोज संध्याकाळी शिलाईच्या डब्यात टाकायला लागले, कँटीनवाल्याला दिल्यासारखे मोजून. हे नीट लक्षात घे. नुसतं वाचवून भागत नाही, वाचवलेलं त्याच दिवशी बाजूला काढावं लागतं, नाहीतर ते कुठे झिरपतं ते कळत नाही. बरोबरच्या बायकांनी माझं नाव थर्मासबाई ठेवलं, अजून तेच चालतं. मग बस. भाड्याचा टप्पा पाण्याच्या टाकीपाशी बदलतो, तिथे उतरायचं आणि पुढची बारा मिनिटं चालायचं. भुकेल्या पोटी बाजारात जायचं नाही. काही घ्यावंसं वाटलं की कागदावर लिहून आठ दिवस थांबायचं, निम्म्या गोष्टी नवव्या दिवशी आठवतही नाहीत. पगार वाढला की वाढ सरळ बँकेत, जणू वाढलाच नाही. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हणशील तर काही उरत नाही. मी सहा महिने तसं करून पाहिलंय.

चुकाही झाल्या. एका वर्षी अगदी स्वस्तातले बूट घेतले आणि ते घालून रोज चालले. हा गुडघा त्याचीच देणगी. आणि तुझी पोहण्याची शिकवणी. तू पहिलीत होतीस, सगळ्या मैत्रिणी जात होत्या, आणि मी पैसे नाहीत म्हणून सांगितलं. पैसे होते. तू दार आपटून म्हणालीस, तुला मी नकोच आहे, तुला तुझा डबा हवा. एवढ्याशा पोरीचं बोलणं, पण लागलं, कारण त्यात थोडं तथ्य होतं. तुला आजही पोहता येत नाही, ते माझ्यामुळे.

तो डबा कशासाठी होता हे मात्र मी तुला कधी सांगितलं नाही. तू चार वर्षांची असताना आपण तीन दिवस मावशीकडे जाऊन राहिलो होतो. तिच्या गल्लीत रंगीत माशांचं दुकान होतं, तू तासन्‌तास काचेला नाक लावून उभी असायचीस. ती सुट्टी तू अजून कौतुकाने सांगतेस. ठमे, ती सुट्टी नव्हती. तुझे बाबा मनाने वाईट नव्हते, पण त्या वर्षी त्यांची नोकरी गेली होती आणि त्यांचा हात माझ्यावर सुटायचा. एका सकाळी मी तुला कडेवर घेतलं आणि निघाले. मावशीची खोली एक, माणसं पाच, त्यात आपण दोघी. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशीच्या नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, परतीची गाडी कधीची आहे? माझ्या पर्समध्ये परतीच्या तिकिटाचे पैसे होते आणि वर दोन नाणी. चौथा दिवस काढायला पैसे नव्हते म्हणून आपण परत आलो. दुसरं काही कारण नव्हतं. लोकांना वाटलं, राग निवळला.

आठवड्याभरात मी थर्मास विकत घेतला. अडीच वर्षांनी माझ्या एकटीच्या नावाच्या पासबुकात सहा महिने भाडं देऊन खाता येईल एवढी रक्कम जमली. तोवर बाबांना नोकरी लागली होती, पण हात थांबला नव्हता. एका रविवारी मी ते पासबुक त्यांच्यापुढे उघडून ठेवलं आणि म्हटलं, पुन्हा हात उचललात तर मी जाईन, आणि या वेळी तीन दिवसांनी येणार नाही. त्यांनी आकडा दोनदा वाचला. त्यानंतर ते वारेपर्यंतची चौदा वर्षं त्यांचा हात उठला नाही. म्हणून सगळेच सुधारतात असं समजू नकोस, त्यात माझं नशीबही होतं. पण त्या पासबुकाआधी मी त्या घरात अडकले होते, आणि नंतर राहत होते. घर तेच.

आता पत्राचं कारण. मागच्या महिन्यात तू आलीस, तेव्हा ऐन उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होतास. भांडी घासतानाही बाह्या वर सारल्या नाहीस. तुझा पगार माझ्या दुप्पट, तरी बसचे पैसे माझ्याकडून घेतलेस, कारण तुझं कार्ड जावईबापूंच्या खिशात असतं. आणि निघताना सहज विचारल्यासारखं विचारलंस, वरची खोली रिकामी आहे का गं, भाडं किती असेल? मी तेव्हा काही बोलले नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि मग त्या नाहीला धरून बसली असतीस. तुझा फोन ते उघडून बघतात, म्हणून हे पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. वरची खोली मी एक तारखेपासून घेतलीय, वर्षाचं भाडं भरून टाकलंय. पलंग आहे, शेगडी बसवून घेतलीय, पंखा आवाज करतो पण वारा देतो. पगार दुसऱ्या खात्यात वळवायला तुमच्या ऑफिसात एक साधा अर्ज लागेल, मी बँकेत विचारून आले. आलंच पाहिजे असं नाही, आणि आलीस तर कारण सांगावं लागणार नाही. मी कामावर असले तर किल्ली तळमजल्यावरच्या शिंपिणीकडे मिळेल. तिला सांगून ठेवलंय की माझी मुलगी राहायला येईल. तिने विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, तिला हवे तितके. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक.

तुझीच,
आई