पहिलं कुंकू माझ्या बोटाने

शनिवार, संध्याकाळ. विकास नगर

सूनबाई महिला मंडळाची अध्यक्ष झाली नि आज सगळ्यांसमोर म्हणाली, "उद्या हळदीकुंकवात पहिलं कुंकू आमच्या आई लावतील. वाण म्हणून वह्या, कामवाल्यांच्या मुलींनाही."

मला हसूच आवरेना. पण आमचे हे गेल्यापासून आठ वर्षं या बोटाने कुंकवाला शिवले नाही. वरच्या नलूताईंनी तर तोंडच फिरवलं. उद्या त्यांनी कपाळ मागे घेतलं तर? सुनेचीही फजिती.

नात म्हणाली, "आजी, माझ्यावर प्रॅक्टिस कर ना." बोट असं घसरलं की अर्धं कुंकू तिच्या नाकावर. ती खिदळत आरशाकडे पळाली.

भीती काही जात नाही. लाल बोट धुवायला उठले होते. तशीच परत बसले.