आमेनच्या वेळी

मयूर विहार,
११ ऑक्टोबर २०२५

प्रिय अलका,
सप्रेम सलाम वि. वि.

जूननंतर तुला एक धड ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. व्हॉट्सॲपवर वाढदिवसाचा केक पाठवला, ते काही बोलणं नव्हे. फोन केला असता तर मी हवापाण्यावर घसरले असते, म्हणून कागद घेतला.

तुझी आई गेली त्या संध्याकाळी तुमच्या घरी जपमाळ चालू होती. कुसुमावतीला सार्वकालिक विश्रांती दे, असं आलं आणि आमेनच्या वेळी मी उठून स्वयंपाकघरात गेले. चहाचं निमित्त केलं. आम्ही प्रॉटेस्टंट गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाही. माणूस देवाच्या हाती गेल्यावर आपण मागायचं काही उरत नाही, असं बाबांनी शिकवलं. न पटलेलं आमेन मला खोटं वाटलं. पण तो प्रामाणिकपणा होता की ताठा, हे अजून ठरत नाही. तुझ्या आईला मी मावशी म्हणत होते गं.

तेव्हापासून तू आमच्याकडे आली नाहीस. निखिल एकटाच येतो, तुला काम आहे म्हणतो. माझ्यामुळे भावाचं घर तुटायला नको. राग असेल तर स्पष्ट लिही.

शिवांगीला पापा. माया उरली असेल तर दोन ओळी पाठव.

तुझी नणंद,
मृणाल

गाझियाबाद,
१७ ऑक्टोबर

ती. मृणालताईंस,
जय येशू. स. न. वि. वि.

पोस्टमनने सही मागितली तेव्हा मला वाटलं इन्कमटॅक्सची नोटीस आली. निघालं नणंदेचं स्पीडपोस्ट! तुमचे बंधुराज म्हणाले की ताईचं मन म्हणजे सरकारी फाइल, चार महिने एकाच टेबलावर.

राग होता, बिल्कुल होता. पण आमेनचा नाही. तुम्ही ते म्हणणार नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे.

तुमच्या बाबांच्या स्मरणाची उपासना आठवते? प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला सगळे पुढे गेले. आम्हा कॅथलिकांना तिथे घेता येत नाही, म्हणून मी बाकावर एकटीच राहिले. नवी सून, सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. तुम्ही रांगेतून मागे फिरलात आणि माझ्या शेजारी येऊन बसलात. वडिलांच्या उपासनेत प्रभुभोजन सोडलंत, मला एक शब्द न विचारता.

आई गेली तेव्हा मला तेवढंच हवं होतं. चहा कुणीही केला असता, ताई.

दोन नोव्हेंबरला, रविवारी, आमच्याकडे मृतांचा दिवस असतो. दहाला चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना, मग आईच्या कबरीवर मेणबत्त्या. याल? तोंड खुशाल बंद ठेवा. शिवांगीने विचारलं की आत्या देवाशी भांडली आहे का. मी म्हटलं, नाही, आत्या विचार करते आहे, तिला वेळ लागतो.

आईंना नमस्कार. रागासकट तुमचीच,
अलका

मयूर विहार,
२४ ऑक्टोबर

प्रिय अलका,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. ती इतकंच म्हणाली की लेकीपेक्षा सुनेला जास्त समजतं. बाकावरची गोष्ट मी विसरूनच गेले होते. चार महिने मी माझ्या तोंडातल्या एका शब्दाकडेच बघत राहिले, तुझ्याकडे पाहिलंच नाही.

येईन. ते शब्द म्हणणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण उठणारही नाही. तुम्ही विश्रांती मागाल तेव्हा मी मावशींसाठी देवाचे आभार मानीन. तेवढं मला मनापासून जमेल.

एक अडचण आहे. त्याच रविवारी, दहालाच, आमच्या चर्चच्या मंडळीत शास्त्रवाचन माझ्याकडे आहे. बारा वर्षांत मी ते कधी चुकवलं नाही. ताप आला म्हणून सांगणं सोपं होतं, आणि परवा मनात येऊनही गेलं, हे तुझ्यापासून लपवत नाही.

मिस्सेला माझी जागा धर. निखिलला एक रट्टा, तुला खूप प्रेम.

तुझी,
मृणाल

ता. क. उद्याचं काम: पाळकांना फोन करून त्या रविवारचं वाचन दुसऱ्या कुणाला द्यायला सांगणे, आणि मी कुठे जाणार आहे तेही.