उतारावरच्या वाकड्या ओळी

प्रिय गोगलगायीस,

बारा वर्षांनी माझं अक्षर ओळखलंस की नाही? अजून तसंच आहे, घाईचं, वेलांट्या ओळीबाहेर पळालेल्या. पत्ता तुझ्या वहिनीकडून मिळवला. तो देण्याआधी तिने माझी चांगली उलटतपासणी घेतली. तू कपड्यांच्या कारखान्यात काजं करतेस हे ऐकून हसूच आलं. काजं घाईत होत नाहीत, म्हणजे काम तुला शोधत आलं म्हणायचं. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती कळल्यावर तू माझ्याशी कधीच बोलणार नाहीस अशी भीती वाटते, म्हणून ती शेवटी ठेवते आणि आधी बातम्या देते. माझी ही लबाडी तू लगेच ओळखशील, पण वाच.

मी आता लागवडीच्या टोळीची मुकादम झाले आहे. गळ्यात शिट्टी असते. नवरा म्हणतो, घरातही वाजवतेस, फक्त तोंडाने. मुलगी माझ्यापेक्षा उंच झाली आणि उलट उत्तरं द्यायलाही शिकली. गुडघे कुरकुरतात, बाकी सगळं झकास चाललंय. आणि आपला उतार! आपण आलो तेव्हा जंगल तोडून नेलेलं होतं, नुसते बुंधे उरले होते. डबा खायला हवा तो बुंधा निवडायचा. आता तिथे चक्क सावली असते. गेल्या आठवड्यात मोजणीवाल्या बाई आल्या. झाडं हवेतला कार्बन ओढून खोडात साठवतात, तो किती साठला हे खोडाच्या घेरावरून काढतात. त्या टेप घेऊन एकेका झाडाला कवेत घेत होत्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, झाडांना सदरे शिवायचेत की काय.

आपण दोघी शेजारशेजारच्या ओळी घ्यायचो, आठवतं? माझी दिवसाला चारशे रोपं लागायची, तुझी गाडी अडीचशेवर अडायची. तू खड्डा कोपरभर खोल करायचीस, मूळ सरळ खाली सोडायचीस, बोटांनी माती भरायचीस आणि वर रोप हलकेच ओढून बघायचीस. मी वैतागायचे. रोपाची एवढी मनधरणी कशाला, म्हणायचे. माझा खड्डा वीतभर. मूळ मावलं नाही की मुडपून कोंबायचं, टाच मारायची, पुढे चालायचं. वरून तुझी आणि माझी रोपं सारखीच दिसायची. भिंगरी हे नाव मला तेव्हाच पडलं आणि मी ते मिरवलं.

दोन महिन्यांपूर्वी जोराचं वारं सुटलं आणि माझ्या ओळी कलल्या. तुझं एक झाड हललं नाही. मोजणीत माझ्या झाडांचा घेर तुझ्या झाडांच्या निम्मा भरला. बाईंनी एक झाड ओढायला लावलं, तर तिघींच्या ताकदीत ते उपटून आलं. मूळ खाली गेलंच नव्हतं, काठीच्या मुठीसारखं वळून वर आलं होतं. मला तर बघवेना. बाईंनी विचारलं, या सरळ ओळी कोणी लावल्या? टोळीतल्या पोरी सगळ्या नव्या, मी सांगेन ते खरं मानणाऱ्या. सरळ ओळी माझ्याच म्हटल्या असत्या तरी खपलं असतं. पण सांगितलं, सरळ त्या माझ्या मैत्रिणीच्या, वाकड्या माझ्या. शिट्टी काढून घेतील असं वाटलं होतं, अजून तरी घेतलेली नाही. आणि खरं सांगू, त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवले.

आता ती गोष्ट. त्या वर्षी टोळीतून एकीला कमी करायचं ठरलं, तेव्हा जुन्या मुकादमांनी तुझ्याबद्दल मलाच विचारलं. ती फार मागे पडते, तिच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो, असं मी म्हणाले. तू मात्र जाताना मलाच समजावत होतीस, तुझ्याशिवाय मला करमणार नाही या काळजीने. तुला वाटत असेल, आकड्यांनी काढलं. आकड्यांनी नाही, मी काढलं. मला माफ कर. माझी ती कललेली आठशे झाडं काढून तिथे नव्याने लागवड करायची आहे आणि रोप कसं लावायचं ते टोळीला शिकवणारी बाई हवी आहे. मी तुझं नाव सांगितलंय. नाही म्हणालीस तर तुझा हक्क आहे, मी हूं की चूं करणार नाही. पण आलीस, तर या वेळी वेगळ्या ओळी नकोत. खड्डे मी खणते, तू म्हणशील तितके खोल. मूळ तू सोड.

तू म्हणत असशील तर अजूनही
तुझीच,
भिंगरी